पंख्याखालची जागा

खोलीत माणसं सहा आणि पंखा एक. बरं, एक तर एक, पण तो मधोमध तरी असावा की नाही? ज्या कुणा शहाण्यानं हूक ठोकला, त्यानं तो पार कोपऱ्यात, मोरीच्या अंगाला ठोकला. त्यामुळे वारा लागायचा एकाच चटईला. शेजारच्या चटईला त्यातलं उरलंसुरलं मिळायचं आणि पलीकडच्या चौघांच्या वाट्याला नुसती घरघर यायची. वरती पत्रा, आणि तोही उतरता. भिंतीकडच्या बाजूला तो इतका खाली आला होता की बसल्या बसल्या डोक्याला त्याची धग लागायची. खिडकी होती, नाही असं नाही. पण ती गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली. तिच्यातून डास यायचे, वारा कधी आला नाही.

आणि हवा तरी कसली! मिठाचा गोळा व्हायचा, काडेपेटीतल्या काड्या पेटायच्या नाहीत, धुतलेली चादर तिसऱ्या दिवशीही दमट असायची. अंघोळ करून टॉवेल अंगाला लावेपर्यंत पुन्हा घाम. माणूस नुसता बसला तरी नाकावरून टपटप गळायचं. दुसरा पंखा आणा म्हणाल, तर तोही आणून झाला होता. दोन्ही लावले की फ्यूज उडायचा. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा घरमालकानं दोन दिवस लाइट तोडून ठेवली आणि वर शिव्या घातल्या, त्या वेगळ्या. दुसरा पंखा तेव्हापासून मोरीवरच्या फळीवर गंजत पडला होता.

हे सहाही जण पावाच्या कारखान्यात रात्रपाळीला. म्हणजे जग झोपतं तेव्हा हे भट्टीपुढे आणि सूर्य डोक्यावर आला की हे पत्र्याखाली झोपायला. सकाळी आठला यायचे, संध्याकाळी सहाला उठायचे. मधले दहा तास म्हणजे झोप कसली, चटईवर अंग टाकून जीव जाण्याची वाट बघणं. म्हणून त्यांनी पाळी लावली होती. आज हा पंख्याखाली, उद्या तो. सहा दिवसांतून एकदा प्रत्येकाला खरी झोप. त्या एका झोपेवर बाकीचे पाच दिवस माणूस कसाबसा ढकलायचा. पाळी कुणी मोडायची नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सख्खा भाऊ असला तरी नाही.

यातला जो शेठ, तो शेठ कसला, कणीक मळायच्या मशीनवरचा माणूस. पोट सुटलेलं म्हणून नाव शेठ. पोत्यातून पीठ ओतायचं, पाणी सोडायचं, मशीन थांबलं की काखेपर्यंत हात घालून गोळा उपसायचा. माणूस तसा वाईट नव्हता. हिशेबाला चोख, बोलायला गमत्या, आणि आपण फार न्यायाचे आहोत असा त्याचा स्वतःबद्दल मोठा समज. बनियनची रीत काढली ती त्यानंच.

झालं असं की पाळी लागली तशी आजारपणंही लागली. ज्याची पाळी नाही त्याचं नेमकं पोट दुखायचं. कुणाला चक्कर यायची, कुणाच्या छातीत धडधडायचं, आणि आजाऱ्याला पंखा द्यायला नको का? पंख्याखाली गेला की आजारी घोरायला लागायचा. एकदा एकाच दिवशी तिघं आजारी पडले, तेव्हा हाणामारीच व्हायची वेळ आली. मग शेठ म्हणाला की तोंडानं कुणीही काहीही सांगेल, अंग खोटं बोलत नाही. ज्याला उकाड्याचा खरा त्रास होतो त्याला घाम जास्त. तेव्हा ज्याची पाळी आणि जो मागतो, त्या दोघांनी आपापले बनियन पेल्यात पिळायचे. ज्याचं पाणी जास्त, त्याला पंखा.

सगळ्यांना ते एकदम पटलं. पटायचंच, कारण तमाशा फुकटचा होता. आजोबा म्हणून एक होते, पाकिटं भरायच्या कामावरचे, सगळ्यांत वयस्कर. ते पंच. स्टीलचे दोन पेले शेजारी शेजारी ठेवायचे, ते डोळे बारीक करून वाकून बघायचे आणि निकाल द्यायचे. हसून हसून पोटं दुखायची. शेठ कधी हरायचा नाही हे सांगायला नकोच. त्यानं ही गंमत फोनवर बायकोलाही सांगितली होती. तीही हसली, मग म्हणाली, की माझ्या भावाला मात्र अधूनमधून झोपू देत जा पंख्याखाली, त्याला उकाडा सोसत नाही.

भाऊ म्हणजे शेठचा मेव्हणा. सव्वीस-सत्तावीसचा, काटकुळा, डोंगराकडचा माणूस. त्या गावात भर उन्हाळ्यात पांघरूण घ्यावं लागतं. तिकडे काम नाही म्हणून बहिणीनं नवऱ्याच्या मागे लागून लागून त्याला इकडे पाठवलं, आणि इकडे आल्यावर मिळालं काय, तर भट्टीच्या तोंडाशी उभं राहायचं काम. लांब दांड्यानं साचे आत ढकलायचे, भाजले की ओढून काढायचे. चार महिन्यांत त्याची निम्मी हाडं दिसायला लागली होती. बहीण दर आठवड्याला फोन करायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, माझ्या भावाला सांभाळा हो. आणि शेठ म्हणायचा, अगं, माझाही तो भाऊच की.

सांभाळलाही होता. पहिल्या महिन्यात शेठनं त्याला आपली पाळी दोनदा देऊन टाकली. पण मग खोलीतले सुरू झाले. शेठला सासरवाडीनं वेसण घातली आहे म्हणे, बायको फोनवरून पंखा फिरवते म्हणे. असलं ऐकून घ्यायची शेठला सवय नव्हती. तरी तिसऱ्यांदाही दिली. गेल्या पाळीची गोष्ट. मेव्हण्याचं डोकं ठणकत होतं, बनियनबिनियन काही न पिळता शेठ उठून भिंतीकडे गेला. तासाभरानं डोळे उघडून बघतो तर स्वारी पंख्याखाली बसून पत्ते कुटतेय. खोली फिदीफिदी हसत होती. डोकं ठणकायचं थांबलं होतं म्हणून खेळत होतो, असं मेव्हणा नंतर म्हणाला. खरंही असेल, पण त्या दिवशी शेठ जो चिडला, तो आठवडा झाला तरी मनातून निवळला नव्हता.

तर त्या सकाळी पाळी होती शेठची. सहा दिवस तो तिच्याकडे डोळे लावून होता. आदल्या पाच दिवसांत सगळी मिळून दहा तासही झोप झाली नसेल. डोळ्यांत वाळू, मांड्या घामानं सोललेल्या, पाठीवर घामोळ्यांचं रान. पहाटे मशीनपाशी उभ्या उभ्या त्याला डुलकी लागली आणि हात पात्याजवळ गेला होता. रात्रभर तो एकच गोष्ट मनात घोळवत होता, की उद्या मी झोपणार.

पण ती रात्र भट्टीवर फार वाईट गेली होती. धूर ओढणारा पंखा बंद पडला. मालकानं स्वतः येऊन बघितलं, उद्या माणूस बोलावतो म्हणाला आणि आपल्या केबिनमध्ये जाऊन बसला. त्या केबिनला एसी होता, आणि त्याची गरम फुंकर मागच्या बाजूनं भट्टीच्याच दारात पडायची. मेव्हणा नऊ तास त्यात उभा होता. सकाळी तो सगळ्यांच्या मागून, भिंतीला हात लावत लावत आला. अंघोळीला गेला नाही, पाणी प्यायला नाही. पंख्याखाली शेठ चटई झटकत होता, तिथं येऊन उभा राहिला.

"दाजी, आज मला झोपू द्या इथं," तो म्हणाला.

शेठनं वर बघितलं नाही. गेल्या वेळचे पत्ते त्याला आठवत होते. शिवाय खोलीत एकाएकी सगळे गप्प झाले होते, आणि ते कशाची वाट बघताहेत हे त्याला बरोबर ठाऊक होतं. आज पुन्हा दिली तर जन्मभर हे आपल्याला फाडून खाणार, असं त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, ठीक आहे, रीत ती रीत, पेले काढा.

पेले निघाले. आजोबा उकिडवे बसले. शेठनं आपला बनियन डोक्यावरून ओढून काढला आणि पिळला, तशी धारच लागली. पाऊण पेला भरला. कुणीतरी टाळी दिली. मग मेव्हण्याची वेळ. त्याला बनियन काढताच येईना, हात डोक्यावर अडकले, तेव्हा दोघांनी मिळून तो काढला. त्याची बोटं नीट मिटत नव्हती म्हणून आजोबांनीच पिळून दिला. एका बाजूनं पिळला, उलटा करून पिळला. काही नाही. भट्टीजवळ लावून वाळवल्यासारखा तो खडखडीत होता, नुसतं पिठाचं पांढरं पेल्यात झडलं.

काय हसले सगळे! एवढा सरळ निकाल आजवर लागलाच नव्हता. एकजण म्हणाला की हा भट्टीवर होता का बर्फाच्या कारखान्यात. दुसरा म्हणाला, अरे, पाणी शिंपडून तरी आणायचंस. मेव्हणा तसाच उभा होता, तोंड लालबुंद, ओठांना पापुद्रे. हसणं जरा थांबल्यावर तो म्हणाला:

"मला घाम येतच नाहीये, दाजी."

"मग बरंच आहे की," शेठ म्हणाला. "मजा आहे तुझी."

पुन्हा हशा पिकला. घाम येत नाही म्हणजे उकाडा होत नाही, आणि उकाडा होत नाही तर पंखा कशाला? हसणारे पाचही जण जन्मभर घाम गाळत आलेले, घामाशिवाय दुसरं दुखणं त्यांना माहीत नव्हतं. ज्याला घाम येत नाही असा माणूस म्हणजे त्यांच्या लेखी नशीबवान. मेव्हण्यानं वाद घातला नाही. तो वळला, दोन पावलं तिरकी टाकली आणि पत्र्याच्या उतरत्या बाजूला, आपल्या चटईवर जाऊन पडला. त्याच्या चालण्यालाही हसले. शेठ मात्र तेव्हा हसला नाही, तो आडवा झाला होता.

आणि काय वारा होता तो. ओल्या अंगावरून असा फिरला की शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच दिवसांचा सगळा शीण हाडांतून खाली उतरत गेला. झोप येऊ लागली, तेवढ्यात पलीकडून मेव्हण्याचं बोलणं ऐकू आलं. तो म्हणत होता, दार लावा, थंडी वाजतेय. मग बहिणीला हाक मारली, आत ये म्हणाला, भिजशील. कुणीतरी झोपेत खेकसलं, की नाटक पुरे आता, हरलास. शेठनं ते ऐकलं. उगाच खोटं कशाला बोला, सगळं ऐकलं त्यानं. अशा भट्टीत कुणाला थंडी वाजते का, हाही विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला. उठून चार पावलं जायचं, कपाळाला हात लावायचा, एवढंच काम होतं. पण उठलं की ही झोप मोडणार, आणि मोडलेली झोप पुन्हा सहा दिवसांनी मिळणार. एवढा विचार त्यानं केला. मग कानावर कोपर घेतलं आणि झोपून गेला. चार महिन्यांतली त्याची सगळ्यांत चांगली झोप ती.

उठवलं आजोबांनी, तीनच्या सुमाराला. पाणी प्यायला उठले तेव्हा मेव्हणा चटईवरून फरशीवर आलेला दिसला. तोंडाला फेस, डोळे अर्धे उघडे. शेठनं त्याच्या छातीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. भट्टीतून काढलेल्या साच्याला हात लागतो तसं अंग तापलं होतं. श्वास चालू होता, पण कुत्रं धापा टाकतं तसा, वरचेवर. मग धावपळ झाली. कुणी पाणी तोंडात ओतलं, ते बाहेर आलं. कारखान्यातून पावाची हातगाडी ओढत आणली, तिच्यावर त्याला घातलं, आणि भर उन्हात पाच माणसं उघड्या अंगानं गाडी ढकलत निघाली. दवाखाना पुढच्याच चौकात होता. सकाळी चालत गेले असते तरी दहा मिनिटं लागली असती.

दवाखान्याचं दार उघडलं आणि आतली थंड हवा अंगावर आली. शेठचा हात मेव्हण्याच्या खांद्याखाली होता, समोर डॉक्टर काहीतरी विचारत होते, आणि त्याला त्या क्षणी काय वाटलं असेल? बरं वाटलं. पाठीवरचा घाम थंड झाला, घामोळ्यांची आग थांबली, आणि इथंच कोपऱ्यात बसून राहावं असं वाटलं. मेव्हण्याला आत टेबलावर घेतलं तेव्हा शेठ बाकावर टेकला, आणि लाज वाटेल असं सांगायचं तर त्याचे डोळे मिटायला लागले. डॉक्टर बाहेर आले तेव्हा आजोबांनी त्याला हलवून जागं केलं.

डॉक्टर म्हणाले, संपलं. उष्णता डोक्यात गेली, वेळ फार गेला. मग त्यांनी विचारलं की याचा घाम कधीपासून थांबला होता? कुणी बोलेना. डॉक्टरांना वाटलं, यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी सोपं करून सांगितलं. घाम येतोय तोवर शरीर लढतंय असं समजायचं. एवढ्या उकाड्यात अंग कोरडं पडलं तर ताबडतोब पंख्याखाली घ्यायचं, ओल्या फडक्यानं पुसत राहायचं आणि इकडे आणायचं. सकाळी आणला असता तर वाचला असता. एवढं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं ते म्हणाले. आजोबा शेठकडे बघत होते. शेठ म्हणाला, आम्ही झोपलो होतो.

मेव्हण्याचे वडील यायला दुसऱ्या दिवसाची सकाळ होणार होती. गाव लांब, गाडी एकच. तोवर त्याला ठेवायचं कुठं? अशा हवेत माणूस टिकत नाही, हे सगळ्यांनाच कळत होतं, तोंडानं कुणी म्हणत नव्हतं. शेवटी खोलीवर आणलं आणि काही न बोलता पंख्याखाली ठेवलं. मालकानं बर्फाच्या दोन लाद्या पाठवल्या. एकानं ओलं फडकं करून तोंड पुसलं, मान पुसली, हातपाय पुसले. चांगला अर्धा तास पुसत होता. सकाळी यातलं काहीएक कुणाला सुचलं नव्हतं.

रात्री आठला भट्टी पेटवायची होती. मेलेल्या माणसासाठी पाव थांबत नाहीत, मालकाचा निरोप आला. तिघं गेले. धूर ओढणारा पंखा दुपारीच दुरुस्त झाला होता म्हणे. खोलीत राहिले शेठ आणि आजोबा. आजोबा उंबऱ्यात बसले होते. दवाखान्यातून निघाल्यापासून त्यांनी शेठशी एक शब्द बोललेला नव्हता, आणि शेठनंही त्यांच्याशी नाही. दोघांनाही भीती हीच, की पहिला बोलेल त्याच्या तोंडून सकाळच्या पेल्यांचं निघेल.

बायकोला फोन करायचाच होता. सासऱ्यांना कारखान्यातून कुणीतरी कळवलं होतं, तिला मात्र शेठनंच सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं. मग ती रडली. शेठ फोन कानाला लावून बसून राहिला. कसं झालं, तिनं विचारलं. तो म्हणाला, भट्टीवर उष्णता लागली, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी खूप केलं, तुझे बाबा सकाळी पोचतील. ती ऐकत होती. मग तिचं रडणं थांबलं, आणि शेठला जे नको होतं तेच तिनं विचारलं.

"खरं सांगा मला," ती म्हणाली. "आज पंख्याखाली कोण होतं?"

शेठनं मान वळवली. मेव्हणा चटईवर होता, पंखा गरगरत होता, त्याच्या कपाळावरचे केस वाऱ्यानं हलत होते. उंबऱ्यात आजोबांनीही मान वळवली होती.

"तोच," शेठ म्हणाला. "पंख्याखालीच आहे तो."

आजोबा उठले आणि बाहेर निघून गेले. फोनवर बायको पुन्हा रडायला लागली, पण आता वेगळं, मोकळं. म्हणाली, मला ठाऊक होतं. त्याला उकाडा सोसत नाही म्हणून तुम्ही तुमची जागा दिली असणार, मला सांगायला नको. पाठवल्यापासून जीव टांगणीला लागला होता माझा, मीच ढकलला त्याला तिकडे. पण तुम्ही होतात जवळ. शेवटी दोन घटका वाऱ्यात तरी पडला माझा भाऊ. आईला मी हेच सांगणार आहे, की दाजींनी काही कमी केलं नाही. बाबा येतील सकाळी, ते तुमच्या पाया पडायला लागले तर पडू देऊ नका, म्हातारं माणूस आहे.

शेठ हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

"आणि तुम्ही जेवलात का काही?" तिनं विचारलं. "सकाळपासून उपाशी असाल. त्याच्यामागे स्वतःचे हाल करून घेऊ नका. खाऊन घ्या दोन घास, माझी शपथ आहे."

त्यानं फोन ठेवला. भूक लागली होतीच. त्यानं पावाचं पाकीट फोडलं, आणि वारा लागावा म्हणून मेव्हण्याच्या उशाशी सरकून तो खायला बसला.